उत्तर समुद्रावरचे कोळ्याचे जाळे

समुद्रात जाळे टाकतो तो कोळी, आणि दिवाळीच्या साफसफाईत ज्याचा संसार आपण केरसुणीच्या एका फटक्याने मोडतो तोही कोळीच. इंग्रजांच्या भाषेत या दोघांची नावे निराळी आहेत. तरीपण १९१७ साली इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील काही तरुण वैमानिकांनी समुद्रावर जे जाळे पसरले, त्याला आपला हा दुहेरी शब्दच नेमका लागू पडतो. हे जाळे सुताचे नव्हते. ते आरमारी नकाशावर पेन्सिलीने आखलेल्या रेषांचे होते, आणि त्या रेषांवरून दिवसामागून दिवस लाकडाची व कापडाची अवाढव्य विमाने घिरट्या घालीत असत. त्यांना हवी होती ती शिकार पाण्याखालची होती. या गस्तीला तिच्या वैमानिकांनी 'स्पायडर वेब', म्हणजे कोळ्याचे जाळे, असेच नाव दिले होते. त्या जाळ्याची आणि ते विणणे ज्याच्यामुळे शक्य झाले त्या एका आजारी माणसाची ही हकीकत आहे.

पहिले महायुद्ध सुरू झाले त्या वेळी समुद्रावर ब्रिटिश आरमाराला प्रतिस्पर्धी असा जवळजवळ नव्हताच. पण २२ सप्टेंबर १९१४ च्या सकाळी हॉलंडच्या किनाऱ्यापुढे अबूकीर, होग आणि क्रेसी या तीन मोठ्या ब्रिटिश क्रूझर्स यू-९ नावाच्या एकट्या जर्मन पाणबुडीने सुमारे दीड तासात बुडविल्या. १,४०० हून अधिक नाविक प्राणास मुकले. पाणबुडीवर होती जेमतेम पाव-शतक माणसे. पुढल्या वर्षी ७ मे १९१५ रोजी 'लुसिटानिया' ही उतारूंची बोट बुडाली आणि तिच्याबरोबर १,१९८ माणसे गेली, त्यांत बायकामुलेही होती. ज्याला पाहता येत नाही अशा शत्रूशी लढायचे कसे, हा प्रश्न तेव्हापासून लंडनच्या आरमारी कचेरीची झोप उडवू लागला.

पाणबुडी ही नावाप्रमाणे सतत पाण्यात बुडून राहते, असा आपला समज असतो. त्या काळच्या पाणबुड्या मात्र बहुतेक वेळ पाण्यावरच असत. पाण्यावर त्या तेलाच्या इंजिनावर चालत, पाण्याखाली विजेच्या बॅटऱ्यांवर. फ्लँडर्सच्या बंदरांतून निघणाऱ्या एका लहान जातीच्या पाणबुडीचा हिशेब पाहा: पाण्याखाली ताशी ४ सागरी मैलांच्या मंद गतीने गेली तरी ४५ मैलांत तिची वीज संपे. मग वर येऊन इंजिन चालवून बॅटऱ्या भरणे भागच. म्हणजे लांबचा पल्ला गाठायचा तर तिला उघड्यावर यावेच लागे, आणि उघड्यावर आलेली पाणबुडी बोटीच्या डेकवरून दिसत नसली तरी हजार फूट उंचीवरून दिसू शकते. घारीला उंचावरून पिल्लू दिसते, तसाच हा प्रकार. तेव्हा गरज होती ती घारीची, पण अशी घार की जी तासन् तास समुद्रावर राहील आणि दमली तर पाण्यावर बसेल.

पाण्यावरून उडणारी विमाने त्या वेळी अगदीच नवी होती. हेन्री फाब्र या फ्रेंच माणसाने मार्सेलजवळ १९१० च्या मार्च महिन्यात पहिले जलविमान उडविले, त्याला चारच वर्षे झाली होती. ब्रिटिश आरमाराचे स्वतंत्र विमानदल १ जुलै १९१४ रोजी, म्हणजे युद्धाच्या तोंडावर, स्थापन झाले. त्यांची पहिली जलविमाने ही साधीच विमाने, फक्त चाकांच्या जागी लाकडी तरंगे लावलेली. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अशी ७ विमाने तीन बोटींजवळ पाण्यावर उतरवून जर्मनीतील कुक्सहाफेनवर धाडण्यात आली. नुकसान फारसे झाले नाही, गवगवा पुष्कळ झाला. पुढे शॉर्ट बंधूंनी '१८४' नावाचे एक दणकट जलविमान बांधले. १२ ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या मोहिमेत चार्ल्स एडमंड्स या वैमानिकाने त्यावरून पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, सोडून एका तुर्की जहाजावर आपटवला. विमानातून सोडलेला पाणतीर जहाजाला लागल्याचे हे जगातले पहिले उदाहरण. ही शॉर्ट विमाने नऊशेहून अधिक बांधली गेली आणि युद्ध संपेपर्यंत त्यांनी निमूटपणे पुष्कळ काम केले. पण तरंग्यांच्या विमानाला उत्तर समुद्राची लाट सोसत नाही. इंजिन बंद पडून भर समुद्रात उतरावे लागले, तर तरंगे फुटून विमान उलटे व्हायचे. म्हणून विमानालाच खालून नावेचे अंग द्यावे, वैमानिकाने नावेतच बसावे आणि नावच उडावी, ही कल्पना पुढे आली. तिलाच 'उडती नौका' म्हणतात.

येथे जॉन सिरिल पोर्ट हा गृहस्थ रंगभूमीवर येतो. त्याचा जन्म १८८४ चा, आयर्लंडमधील कॉर्क परगण्यातला. पोरवयातच तो आरमारात शिरला आणि पुढे पाणबुड्यांवरचा अधिकारी झाला. पाणबुडीचा कोंदट, ओलसर संसार त्याला मानवला नाही. त्याला क्षय जडला आणि १९११ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आरमाराने त्याला आजारी म्हणून निवृत्त केले. त्या काळी क्षय म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत राहायला सांगितले असेल, तर या पठ्ठ्याने त्या आज्ञेचा अर्थ फारच मोकळेपणाने घेतला. तो त्याच वर्षी विमान चालवायला शिकला.

१९१३ साली लंडनच्या 'डेली मेल' पत्राने अटलांटिक महासागर विमानाने ओलांडणाऱ्यास १०,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. अमेरिकेतील धनाढ्य व्यापारी रॉडमन वॉनामेकर याने त्यासाठी ग्लेन कर्टिस या विमान बांधणाऱ्याकडून एक उडती नौका करवून घेतली आणि ती चालवायला पोर्टला नेमले. न्यूयॉर्क राज्यातील हॅमंड्सपोर्ट गावच्या तळ्यावर १९१४ च्या जून महिन्यात 'अमेरिका' असे नाव देऊन तिला पाण्यात सोडले. दोन इंजिने, प्रत्येकी ९० अश्वशक्तीची. पण पाण्यावरून वेग घेऊ लागली की नाक पाण्यात खुपसायची तिला वाईट खोड होती. कर्टिस आणि पोर्ट यांनी तिच्या तळाशी नाना खटपटी केल्या. प्रयाणाचा दिवस पुढे ढकलत ढकलत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यावर आला, आणि ४ ऑगस्टला ब्रिटनने युद्ध पुकारले. पोर्टने बक्षिसाचा नाद सोडला, पहिली बोट पकडून तो मायदेशी गेला आणि आरमारात पुन्हा रुजू झाला. ज्या खात्याने त्याला प्रकृतीच्या कारणाने घरी बसविले होते त्यानेच त्याला आता परत घेतले! त्याच्याच सल्ल्यावरून ती 'अमेरिका' आणि तिची बहीण आरमाराने विकत घेतली, आणि नंतर तशा आणखीही मागविल्या. या खरेदीने पुढे त्याच्या गळ्याला फास लावला, ते पुढे येईलच.

सप्टेंबर १९१५ मध्ये पोर्टला फेलिक्स्टोच्या तळाचे प्रमुखपद मिळाले. ओरवेल व स्टाऊर या दोन नद्या हार्विच बंदराशी समुद्राला मिळतात, तेथे हे गाव आहे. तेथे त्याने पहिले काम हाती घेतले ते नौकेच्या तळाचे.

गृहिणींना एक अनुभव नेहमीचा असेल. ओल्या ओट्यावर पसरट ताट पालथे ठेवले आणि सरळ वर उचलू गेले, तर ते चिकटते. कडेने हवा आत शिरली की मात्र पटकन सुटते. उडत्या नौकेची अडचण नेमकी हीच आहे. पाण्याला तळ चिकटून बसतो आणि इंजिनाची सारी शक्ती ओढण्यातच खर्च होते. यावर उपाय म्हणजे तळाला मध्येच एक पायरी करणे. वेग वाढला की पाणी त्या पायरीशी तळापासून सुटते, मागे हवा शिरते आणि नौका पाण्यात रुतण्याऐवजी पाण्यावरून घसरू लागते. पण पायरी कोठे असावी, एक असावी की दोन, तळ सपाट असावा की मधोमध उतरता, बाजूंना पंखासारख्या कडा किती रुंद असाव्यात, हे सांगणारे पुस्तक तेव्हा नव्हते. पोर्ट एक तळ करी, तो बोटीला बसवी, स्वतः उडवून पाही, तोडून टाकी आणि दुसरा करी. कर्टिसच्या मोठ्या 'एच-१२' बोटींचे पंख चांगले होते, पण त्यांचे अंग लाटेच्या माराने ढिले होई. पोर्टने ते पंख ठेवले, खाली आपले नवे अंग बसविले, रोल्स-रॉइसची जोरकस इंजिने चढविली, आणि त्यातून फेलिक्स्टो 'एफ-२ए' ही नौका जन्माला आली. त्याने अंगाची बांधणीही जाणूनबुजून सोपी ठेवली होती. आतून सरळसोट लाकडी चौकट, बाहेरून फळ्या. त्यामुळे पिढीजात नाव बांधणारे कारागीर ज्यांच्याकडे नव्हते अशा कारखान्यांनाही ती बांधता येऊ लागली. मला स्वतःला पोर्टची खरी हुशारी या सोपेपणात दिसते.

ही नौका केवढी होती? पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९५ फुटांहून अधिक, लांबी ४६ फूट. दोन इंजिने, प्रत्येकी सुमारे ३४५ अश्वशक्तीची. वजन भरल्यावर जवळजवळ ११,००० पौंड, आणि वेग फार तर ताशी ९५ मैल. चार माणसे, चार ते सात मशीनगन आणि प्रत्येकी २३० पौंडांचे दोन बाँब. सहा तास ती सहज हवेत राही आणि पेट्रोलचे जादा डबे घेतले तर त्याहूनही अधिक.

पोर्टच्या डोक्यात मात्र याहून विलक्षण गोष्टी चालत. त्याने तीन इंजिनांची एक प्रचंड उडती नौका बांधली होती आणि विनोदाने तिचे नाव 'बेबी' ठेवले होते. १७ मे १९१६ रोजी या बाळाच्या पाठीवर एक छोटे लढाऊ विमान बसवून पोर्ट स्वतः ते उडवीत वर घेऊन गेला, आणि हवेत असतानाच ते छोटे विमान पाठीवरून सुटून निघून गेले. विमानाने विमानाला खांद्यावरून सोडल्याचा हा पहिलाच प्रसंग. प्रयोग पुन्हा झाला नाही.

१ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने कोणतेही जहाज सूचना न देता बुडविण्याचे धोरण पत्करले. त्या एप्रिलमध्ये जगभर साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजे बुडाली. इंग्लंडचे अन्न समुद्रावरून येते. ही गती राहिली असती तर काही महिन्यांत त्या देशाची चूल थंडावली असती. याच एप्रिलच्या मध्यावर फेलिक्स्टोचे जाळे पसरले गेले.

फेलिक्स्टोपासून पन्नासएक मैलांवर नॉर्थ हिंडर नावाची दीपनौका नांगरलेली होती. फ्लँडर्सच्या बंदरांतून ये-जा करणाऱ्या जर्मन पाणबुड्या दिशा पक्की करण्यासाठी या दीपनौकेच्या आसपास येत. तिला मध्य मानून नकाशावर आठ दिशांना प्रत्येकी ३० सागरी मैलांच्या आठ रेषा काढल्या, आणि मध्यापासून १०, २० आणि ३० मैलांवर त्या रेषा आडव्या रेषांनी जोडल्या. झाले कोळ्याचे अष्टकोनी जाळे. सुमारे ४,००० चौरस मैल समुद्र त्यात सापडला. साठ मैल रुंदीचे हे क्षेत्र पाण्यावरून नेहमीच्या गतीने ओलांडायला पाणबुडीला दहा तास लागत. एका उडत्या नौकेला त्याचा एक चतुर्थांश भाग रेषेरेषेने धुंडाळायला पाच तासांहून कमी वेळ पुरे. म्हणजे पाणबुडी जाळ्यात असेतो तिच्या डोक्यावरून नौका एकदा तरी जाणार, असा हा साधा त्रैराशिकाचा हिशेब होता. पहिल्या अठरा दिवसांत २७ गस्ती झाल्या, ८ पाणबुड्या दिसल्या आणि त्यांतल्या ३ वर बाँब पडले. ही माहिती थिओडोर हॅलम या कॅनडियन वैमानिकाने दिलेली आहे. या गस्तीवर त्याने 'द स्पायडर वेब' याच नावाचे पुस्तक १९१९ साली लिहिले.

अशा हिशेबाला समुद्र लहान असावा लागतो, हे आपल्याच दाराशी घडलेल्या एका गोष्टीवरून ध्यानात येईल. याच १९१७ च्या आरंभी 'वोल्फ' हे व्यापारी जहाजाचे सोंग घेतलेले जर्मन जहाज अरबी समुद्रात शिरले आणि मुंबई व कोलंबो यांच्यापुढे पाणसुरुंग पेरून निघून गेले. त्याच्या शोधाला 'रेव्हन २' ही ब्रिटिश जलविमानवाहू बोट आपली शॉर्ट विमाने घेऊन, एका फ्रेंच क्रूझरसह, हिंदी महासागरात आली. लखदीव झाले, मालदीव झाले, बेटामागून बेट त्यांनी पालथे घातले. वोल्फ सापडले नाही. २३ जून १९१७ रोजी 'मंगोलिया' ही पी. अँड ओ. कंपनीची बोट मुंबईजवळ त्याच्या सुरुंगावर आदळून बुडाली, आणि वोल्फ फेब्रुवारी १९१८ मध्ये सुखरूप जर्मनीस पोहोचले. महासागरात दोन-चार विमाने म्हणजे रानात हरवलेली सुई शोधण्यासारखे. नॉर्थ हिंडरला मात्र पाणबुडी कोठून येणार हे आधीच माहीत होते.

गस्तीचा दिवस पहाटे सुरू होई. कमरेपर्यंत रबरी पोशाख घातलेली माणसे थंड पाण्यात उभी राहून नौकेला ढकलगाडीवरून उतारावरून पाण्यात सोडत. मग इंजिनांचा गडगडाट. चारही माणसे उघड्यावर, वारा तोंडावर, बोलणे अशक्य. एकमेकांना खुणा करायच्या नाही तर कागदाचे चिटोरे द्यायचे. बिनतारी यंत्र असे, पण भरवसा होता तो टोपलीतल्या कबुतरांवर. पाच-पाच तास खाली राखाडी पाणी पाहायचे. त्यात लाटेचा फेस कोठला आणि पाणबुडीचा माग कोठला, हे ओळखायला डोळा तयार व्हावा लागे. असे महिनोन् महिने. हॅलमचे पुस्तक वाचले की जाणवते, की या माणसांचा शत्रू बरेचदा कंटाळा हाच होता.

कधी कधी मात्र दुसरेच सावज लागे. १४ मे १९१७ रोजी ग्रेट यार्मथच्या तळावरून निघालेल्या ८६६६ क्रमांकाच्या एच-१२ नौकेने एल-२२ हे जर्मन झेपेलिन हॉलंडच्या किनाऱ्यापुढे गाठले. चालक होता रॉबर्ट लेकी. ग्लासगोला जन्मलेला आणि कॅनडात वाढलेला. पुढे तो कॅनडाच्या विमानदलाचा प्रमुख झाला. काही सेकंद गोळ्या सुटल्या आणि हायड्रोजनने भरलेली ती प्रचंड पिशवी पेटली. तिच्यातील एकवीसही माणसे गेली. ४ जून १९१८ रोजी याच लेकीच्या पुढारीपणाखाली पाच उडत्या नौकांची चौदा जर्मन जलविमानांशी झुंज झाली. परत आल्यावर त्याने अहवालात जी तक्रार केली ती शत्रूविषयी नव्हतीच. आपला खरा वैरी म्हणजे आपल्याच पेट्रोलच्या नळ्या, असे तो चिडून लिहितो, कारण त्या फुटून नौका ऐन वेळी पाण्यावर उतरत. त्यानंतर या नौका भडक पट्ट्यांनी आणि चौकटींनी रंगविण्यात आल्या, म्हणजे पाण्यावर बसलेली नौका लांबून सोबत्यांच्या ध्यानी यावी. त्यांची चित्रे पाहताना मला सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांची आठवण येते.

आता एका कबुतराची गोष्ट सांगतो. मुलांनी ही अवश्य वाचावी. ५ सप्टेंबर १९१७ रोजी तीच ८६६६ नौका, लेकीच चालक आणि व्हिन्सेंट निकोल नायक, झेपेलिनांच्या मागावर निघाली. बरोबर चाकांचे एक विमान होते. परतीच्या वाटेवर त्या विमानाचे इंजिन बंद पडले आणि ते समुद्रात कोसळले. समुद्र खवळलेला, उतरले तर पुन्हा उडता येणार नाही, हे दिसत होते. लेकी उतरला. बुडत्या विमानातील दोघांना त्याने उचलून घेतले. आता एका फुटक्या नौकेत सहा माणसे झाली आणि नौका काही केल्या उठेना. पेट्रोल संपेपर्यंत ते पाण्यावरून इंग्लंडच्या दिशेने चालत राहिले, मग नुसते वाहू लागले. आत येणारे पाणी पाळीपाळीने उपसायचे, खायला जवळजवळ काही नाही. पिण्याचे पाणी संपले तेव्हा इंजिनाच्या रेडिएटरमधील गंजके पाणी त्यांनी तोंडाला लावले. चार कबुतरे होती. आपला ठावठिकाणा लिहून त्यांनी ती एकामागून एक सोडली. वारा समोरून होता. त्यातले एक कबूतर इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोहोचले आणि थकव्याने मेले. त्याच्या पायाची चिठ्ठी तळावर गेली, 'हाल्सियन' ही युद्धनौका निघाली आणि ८ सप्टेंबरला, तीन दिवसांनी, सहाही जण जिवंत सापडले. ते कबूतर पेंढा भरून काचेच्या पेटीत ठेवण्यात आले, आणि शूर सद्गृहस्थ म्हणून त्याचा गौरव त्या पेटीवर कोरला गेला.

एवढे सगळे केल्यावर पाणबुड्या किती मारल्या? युद्ध चालू असता फेलिक्स्टोच्या आणि इतर तळांच्या खात्यावर कितीतरी पाणबुड्या मांडल्या गेल्या होत्या. वैमानिक खोटे बोलत नव्हते. बाँब पडे, पाणी उसळे, तेलाचा तवंग येई, आणि वरून पाहणाऱ्याला आणखी पुरावा कसला हवा? पण युद्धानंतर जर्मन कागदपत्रे उघडली तेव्हा यांतल्या बहुतेक पाणबुड्या नंतरही हिंडत होत्या, किंवा सुरुंगावर आदळून दुसरीकडेच बुडाल्या होत्या, असे आढळले. २२ सप्टेंबर १९१७ रोजी विमानाच्या बाँबने यूबी-३२ बुडाली, एवढी एक आज बव्हंशी मान्य आहे. बाकीची नावे यादीतून पुसली गेली.

म्हणून ते जाळे फुकट गेले असे मात्र नाही. ज्वारी भरात आली की शेतात माळा बांधून त्यावर गोफण घेऊन राखण्या बसवतात. संध्याकाळी त्याला कोणी विचारीत नाही, की आज किती पाखरे मारलीस? वरून विमान आले की पाणबुडीच्या कप्तानाला बुडी मारावी लागे. बुडाली की तिची चाल चार मैलांवर येई, तिची वीज खर्च होई, आणि ताशी आठ-दहा मैलांनी चाललेला जहाजांचा काफिला तिच्या हातून निसटे. १९१७ च्या उन्हाळ्यापासून जहाजे एकेकटी न धाडता काफिल्याने धाडू लागले. हॉलंडहून खाद्यपदार्थ आणणारा काफिला तर या जाळ्यातूनच जाई. नाविक त्याला 'बीफ ट्रिप' म्हणत. ज्या काफिल्यांवर विमानाची राखण होती त्यांतील बुडालेली जहाजे युद्धाच्या अखेरच्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. जे जहाज बुडाले नाही त्याची नोंद कोठेच होत नाही, आणि पदके तर नोंदींवरच मिळतात. या गस्तीच्या माणसांना इतिहासाने कमी जागा दिली याचे कारण मला तरी हेच दिसते.

पोर्टच्या वाट्याला तर याहून वाईट आले. जाळे विणले जात होते त्याच १९१७ च्या उन्हाळ्यात त्याला न्यायालयात उभे राहावे लागले. कर्टिस कंपनीच्या उडत्या नौका आरमाराने घेतल्या त्या व्यवहारातील दलालीचा हिस्सा त्याने घेतला, असा लाचलुचपतीच्या कायद्याखाली आरोप होता. त्याच्याबरोबरच्या कॅसन नावाच्या वृद्ध गृहस्थाने गुन्हा कबूल केला. पोर्टची प्रकृती आणि युद्धातील कामगिरी पाहून नोव्हेंबरमध्ये सरकारने त्याच्यावरील खटला पुढे न चालविण्याचे ठरविले. म्हणजे तो दोषी ठरला नाही, आणि निर्दोष म्हणूनही सुटला नाही. युद्धापूर्वी कर्टिसशी त्याचे संबंध होते, आणि युद्ध लागल्यावर ते वेळीच तोडण्याची दक्षता त्याने घ्यायला हवी होती, असे मला वाटते. पण ज्या नौका त्याने घ्यायला लावल्या त्यांतील दोष निस्तरण्यासाठी त्याने उरलेले आयुष्य खर्च केले, हेही त्याच हिशेबात धरायला हवे. त्याला फेलिक्स्टोला परत घेण्यात आले आणि १९१८ मध्ये एक बऱ्यापैकी किताबही मिळाला.

त्याची अखेरची नौका 'फ्यूरी'. पाच इंजिने, तीन मजली पंख, १२३ फूट रुंदी. अटलांटिक ओलांडायची जुनी हौस मनात होतीच, पण मे १९१९ मध्ये अमेरिकन आरमाराच्या एनसी-४ या उडत्या नौकेने मुक्काम करीत करीत तो महासागर पार केला. तिच्या बांधणीत कर्टिसचा हात होता. पुढल्याच महिन्यात अल्कॉक व ब्राऊन यांनी चाकांच्या विमानातून न थांबता तो ओलांडला आणि 'डेली मेल'चे बक्षीस नेले. मग फ्यूरी आफ्रिकेला केपटाऊनपर्यंत न्यायचे ठरले. ११ ऑगस्ट १९१९ रोजी, निघण्याच्या आदल्या दिवशी, ती उड्डाण करताच पाण्यात कोसळून मोडली आणि तिचा बिनतारी चालक बुडून गेला. पोर्ट तोवर सरकारी नोकरीतून बाहेर पडून एका खासगी विमान कंपनीत आराखडे करीत होता. २२ ऑक्टोबर १९१९ रोजी ब्रायटन येथे तो वारला. वय पस्तीस. क्षयाने आठ वर्षे त्याची वाट पाहिली होती.

त्याच्या नौकांचा वंश मात्र चालू राहिला. अमेरिकेने आपल्या आरमारासाठी त्या बांधल्या, जपानने १९२१ नंतर इंग्रज शिक्षकांकडून त्या बांधायला शिकून घेतले, आणि ब्रिटनमध्ये 'एफ-५' ही अखेरची जात १९२५ पर्यंत गस्तीवर होती. तिची जागा ज्या 'साउथॅम्प्टन' नौकांनी घेतली, त्यांतल्या चार १९२७ च्या ऑक्टोबरात इंग्लंडहून निघाल्या, कराचीमार्गे हिंदुस्थानच्या किनाऱ्या-किनाऱ्याने उडत फेब्रुवारी १९२८ मध्ये सिंगापूरला पोहोचल्या. त्यांपैकी एकही वाटेत बुडाली नाही.